मीटर बदलायचं नाही

मिस्त्रीने डॅशबोर्डमधलं स्पीडचं मीटर उपसून काढलं आणि ताईच्या डोळ्यांदेखत भंगाराच्या डब्यात टाकलं. ताईने बाह्या वर सारल्या, कोपरापर्यंत हात आत घातला आणि गंजके नट-बोल्ट बाजूला सारत मीटर परत बाहेर काढलं.

"ताई, मेलंय ते," मिस्त्री म्हणाला. "काटा नुसता नाचतो. विसावरून सत्तरवर, सत्तरवरून तिसावर. याच मापाचं नवंकोरं आणून ठेवलंय. अर्ध्या तासात बसवून देतो."

"उघडून बघितलंत?"

"त्यात उघडायचं काय?"

"मग मेलंय हे कशावरून?"

मिस्त्रीने मदतीच्या आशेने ताईच्या धाकट्या भावाकडे पाहिलं. गाडी बहीणभाऊ दोघांच्या नावावर होती. वडिलांनी उभा जन्म चालवलेली, फुगीर बोनेटची, वळणावर कण्हणारी. तपासणीत ती याच मीटरपायी नापास झाली होती आणि फेरतपासणी आठवड्यावर आली होती.

"हट्ट करू नकोस गं," धाकटा म्हणाला. "गाडी तीच राहणार आहे ना? एक डबडं बदललं तर कुणाचं काय बिघडतं?"

"चार दिवस दे मला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पाचव्या दिवशी माझ्या नावाने ओरड."

ताईचा हेका घरात कुणाला नवा नव्हता. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं नोकरी केली होती. पोरं व्होल्टमीटरचे काटे वाकवायची, स्प्रिंगा तोडायची. दर वर्षी विभागप्रमुख बाद सामानाची यादी करायचे आणि ताई त्यातली निम्मी मीटरं नीट करून पुन्हा फळीवर मांडायची. "बाई, नवीन मिळतायत, तुम्हाला अडचण काय?" असं त्यांनी एकदा वैतागून विचारलं होतं. "जुनी चालतायत, हीच," असं सांगून ती पुढच्या मीटरकडे वळली होती.

घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला. काचेभोवतीची दुमडलेली पत्र्याची कड बोथट स्क्रूड्रायव्हरने जराजराशी उचलत सोडवायलाच तिला अख्खी दुपार लागली. आतलं काम तिच्या ओळखीचं निघालं. खाली चुंबक फिरायचा, त्याच्या ओढीने वरची पातळ वाटी वळायची आणि केसासारखी स्प्रिंग तिला आवरून धरायची. पण जुनं वंगण सुकून डिंकासारखं झालं होतं आणि वाटीचा दांडा त्यात अडकत होता.

"मेलंय म्हणे," ती स्वतःशीच पुटपुटली आणि स्पिरिटची बाटली उघडली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिचा हात थरथरला, चिमटा निसटला आणि स्प्रिंग वाकली. काटा शून्यावर येईना, पंचविसावर जाऊन बसला. नेमका तेव्हाच धाकटा डोकावला.

"वा! गाडी टेबलावर उभी आणि वेग ताशी पंचवीस. पेट्रोल तरी वाचेल."

एरवी ताईने दोन शब्द जास्त सुनावले असते. आज तिने नुसता चिमटा खाली ठेवला. पूर्वी हा हात असा दगा द्यायचा नाही. मग तिला रागच आला. धाकट्याचा, मिस्त्रीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या बोटांचा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या स्वच्छ उजेडात तिने मनगटाखाली जाड पुस्तक घेतलं, श्वास रोखला आणि स्प्रिंगचा वेढा न् वेढा सरळ केला. काटा शून्यावर आला. तिने बोटाने चुंबक फिरवला, काटा सरसर वर गेला आणि सावकाश परत आला.

चौथ्या दिवशी गॅरेजमध्ये मीटर बसवलं. धाकट्याने गाडी रस्त्यावर काढली, ताई शेजारी, मिस्त्री मागे. पहिल्या वळणापर्यंतसुद्धा धीर धरवला नाही काट्याला. वीस, सत्तर, तीस.

"झालं समाधान?" धाकटा म्हणाला.

गॅरेजमध्ये परतल्यावर मिस्त्रीने विजयी मुद्रेने खोकं फोडलं आणि नवं मीटर जोडलं. पुन्हा चक्कर मारली. नवा काटा चकचकीत होता, त्याचे आकडेही ठळक होते, आणि तो जुन्यापेक्षा जोरात नाचत होता.

मग ताई खो-खो हसत सुटली.

"हेही मेलं का हो, मिस्त्री?"

परत आल्यावर ती पोतं अंथरून सरळ गाडीखाली शिरली. गिअरबॉक्सपासून मीटरकडे जाणाऱ्या केबलवरून तिने बोटं फिरवत नेली. एका जागी केबल काटकोनात वळवून तारेने पाइपला करकचून बांधलेली होती.

"हे कुणी बांधलं?"

मिस्त्री वाकला. गाठ ओळखीची होती. मागच्या वर्षी सायलेन्सर बदलताना केबल आड येत होती म्हणून त्यानेच बांधली होती. त्याने मान खाजवली. "माझंच काम आहे, ताई."

केबलच्या आत फिरणारी तार पिळवटून तिचे पदर सुटले होते; ती अडखळत फिरायची, म्हणून काटा नाचायचा. मिस्त्रीने नवी तार मापाने कापली, वंगण लावलं आणि केबल ऐसपैस वळणाने नेली. सगळं त्यानेच केलं, तेही कुणी न सांगता.

"शेवटी बदलावं लागलंच ना?" धाकट्याने टोमणा मारला.

"तुटलं होतं ते बदललं. मीटर तुटलं नव्हतं."

जुनं मीटर पुन्हा जागेवर आलं. मोकळ्या रस्त्यावर ताईने घड्याळ हातात धरलं. एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत काटा साठावर निश्चल राहिला आणि एकसष्ट सेकंद लागले. धाकट्याने उलट दिशेनेही मोजायला लावलं. पुन्हा एकसष्ट. मग त्याने वाद घालणं सोडलं.

फेरतपासणीच्या दिवशी तपासनिसाने गाडी यंत्रावर चढवून चाकं फिरवली, आकडे ताडून पाहिले आणि कागदावर शिक्का मारला.

"पास आहे. पण बाई, हे असलं जुनंपानं कशाला सांभाळता? पुढच्या खेपेला नवीन बसवून आणा."

धाकट्याने सवयीने मान डोलावली. ताईने कागद हातात घेतला, शिक्का नीट उमटलाय का ते पाहिलं आणि घडी घातली.

"पुढच्या खेपेलाही हेच असेल," ती म्हणाली. "तुम्ही वाटल्यास दुप्पट वेळ तपासा."