ठिपके नसलेली बाजू

नात होस्टेलला गेली तेव्हा तिने उशीसुद्धा नेली, पण फोटोकार्डांची जाडजूड फाइल माझ्याकडे ठेवली. "तिथे वस्तू गायब होतात आजोबा. तुमच्या कपाटाला कुलूप आहे."

तिच्या लाडक्या कोरियन गाणाऱ्या पोरांचे ते फोटो. अल्बम विकत घेतला की आत एक कार्ड निघतं. कुणाचं निघेल ते नशीब. नको ते निघालं की मैत्रिणीशी अदलाबदल करायची. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, आणि पाठीमागे तिची बारीक चिठ्ठी: कुठल्या महिन्यात मिळालं, कुणाकडून.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. आकड्यांवरून चित्रं काढायचा विषय होता तिला, आणि वर्षअखेरीस प्रत्येकाने एक चित्र वर्गात मांडायचं होतं.

"बाकीच्यांनी हवामान घेतलंय, नाहीतर लोकसंख्या. मी माझी कार्डं घेणार. एक कार्ड म्हणजे एक ठिपका. डावीकडून उजवीकडे महिने, खालून वर मुलं. अदलाबदल झाली असेल तर ठिपक्याला शेपूट. तुम्ही फक्त वाचून दाखवायचं."

माझा फोन साधा, बटणांचा. फोटो पाठवणं शक्यच नव्हतं. मग रोज संध्याकाळी ती फोन करी, मी टेबलाशी फाइल उघडून बसे आणि वाचे. कार्डांवरची नावं त्यांच्या लिपीत, म्हणून मुलांना मीच नंबर दिले. रोज एकच पान. डोळे दुखतात म्हणायचो. डोळे तसे ठणठणीत होते. पण फाइल संपली की फोनही संपणार, हे मला दिसत होतं. बायको गेल्यापासून या घरात संध्याकाळी माझं नाव घेणारं कुणी नव्हतं.

फाइल संपली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो चक्रावलेला.

"आजोबा, ही पोरं सात आहेत."

"बरं."

"तुम्ही त्यांची एकोणीस केलीत!"

"मध्येच नवे कुणी घेतले असतील. मला काय कल्पना?"

"निळा, गुलाबी, पांढरा, हे सगळे तुम्ही वेगळे धरलेत ना? अहो, केस रंगवतात ती! दर अल्बमला!"

"सगळीच?"

"सगळीच! ग्रंथालयात जन्म काढलात तुम्ही. पुस्तकाला नवं बाइंडिंग केलं की नवा नंबर द्यायचात का?"

एवढं बोलून ती हसत सुटली. खूप दिवसांनी तिला इतकं हसताना ऐकलं, आणि मलाही माझ्या वेंधळेपणाचं फारसं वाईट वाटलं नाही. हसणं ओसरल्यावर तिच्या बाजूला कसलाच आवाज ऐकू येईना. न दार, न कुणाची हाक. मुलींच्या होस्टेलमध्ये इतकी शांतता? विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. उगाच चौकशी वाटेल.

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. माझी चूक माझ्या चांगलीच पथ्यावर पडली म्हणायची. या खेपेला तिने मला कान, दात आणि तीळ बघायला शिकवलं. एकाला आम्ही 'रुसका' म्हणू लागलो, एकाला 'जावईबापू', कारण प्रत्येक फोटोत तो नुकताच जेवून उठल्यासारखा दिसे.

"आज जावईबापूंची तीन," मी सांगायचो.

"आणि रुसका?"

"एकच. तोही पाठमोरा."

मग तेही संपलं. "पुन्हा एकदा ताडून बघू या का?" मी म्हटलं.

"नको, आजोबा. खूप झाला तुम्हाला त्रास."

त्यानंतर फोन आला नाही. मी संध्याकाळी पुस्तक उघडून बसायचो आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचो.

आठवड्याने टपालाने चित्र आलं. तिने मुद्दाम माझ्यासाठी छापून घेतलं होतं. सात रंगांचे ठिपके, आणि त्यांना शेपट्या. डावीकडे तर नुसती गर्दी, एकावर एक. शाळेतल्या मैत्रिणींचे ते दिवस. मधल्या सुट्टीत जिन्यावर बसून अदलाबदल चालायची. मध्ये थोडं विरळ, मग पुन्हा दाट. उजवीकडे मात्र एकही ठिपका नव्हता. नुसता कोरा कागद.

छपाईत काहीतरी राहिलं असं मला आधी वाटलं. मग खाली महिने वाचले. ती होस्टेलला गेली त्या महिन्यापासून चित्र कोरं होतं.

मी फोन लावला.

"चित्र पोचलं. सुरेख आहे. तिकडे मिळालेली कार्डं यात घालायची राहिली का?"

"तिकडची नाहीतच."

"म्हणजे?"

"एकटीने अल्बम घेऊन काय करू? बदलायला कुणी लागतं ना, आजोबा." मग घाईघाईने, "सर म्हणाले, उजवीकडचा भाग कापून टाक, चित्र भरलेलं दिसेल. कापू?"

मी काय सांगणार? मला त्यातलं कळत नाही. आणि कोरा भाग दिसू नये असं तिला वाटत असेल, तर त्यात माझं शहाणपण कशाला? तरी तोंडून निघून गेलं, "खरं आहे ना ते? मग राहू दे."

लगेच मीच दुसरं विचारलं.

"तुझ्या वर्गात ही गाणी कुणीच ऐकत नाही?"

"एक आहे. तिच्या फोनच्या कव्हरमागे रुसक्याचं कार्ड आहे."

"मग बोललीस?"

"काय बोलणार? अदलाबदलीला हातात काही नको? डबल कार्डं सगळी तुमच्याकडे."

डबल कार्डं शेवटच्या पानांत होती. ती पाठवली आणि तिला मैत्रीण मिळाली की मला फोन करायचं काही कारण उरणार नव्हतं, हे मनात आलंच. माझ्यासारख्या माणसाच्या मनात आधी तेच यायचं.

"पाठवतो," मी म्हटलं.

"आणि तिने नाही म्हटलं तर?"

"तर मला फोन कर."

दुसऱ्या दिवशी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये कार्डं नीट बसवली, कडा दुमडू नयेत म्हणून चारी बाजूंनी पट्टी लावली आणि टपालात टाकून आलो. पोचायला किती दिवस लागतात ते खिडकीवरच्या बाईंना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या जरा वैतागल्या.

पार्सल पोचायच्या दिवशी संध्याकाळी मी फोन टेबलावर ठेवून बसलो. इतके दिवस तो वाजावा म्हणून बसत होतो. आज वाजू नये असं वाटत होतं. बाहेर दिवे लागले. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी आवरत होतं.

फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चांगलंच झालं, असं मी स्वतःला म्हटलं. दिवा न लावता, बऱ्याच वेळा म्हटलं.