कात्री माझी, पक्कड तिची

माझा स्वभाव तापट आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे इतरांना सांगायचा आनंद मिळत नाही.

लेकीचं लग्न ठरलं आणि एक भलतीच अडचण निघाली. होणाऱ्या जावयाला फुलांचं वावडं. साधा गुच्छ जवळ आला तरी डोळे लाल आणि शिंकांवर शिंका. म्हणून जेवणाच्या वीस टेबलांवर कागदाची फुलं ठेवायचं ठरलं, माझी आई करायची तशी. "शंभर लागतील. जमेल ना गं, आई?" लेकीने विचारलं. जावयाची आई समोरच बसली होती, त्यामुळे मला मान खाली घालणं शक्य नव्हतं.

"शंभर ना? डाव्या हातचा मळ," मी म्हणाले.

खरं म्हणजे मी आयुष्यात एकही फूल पुरं केलं नव्हतं. लहानपणी आम्ही दोघी बहिणी एकाच कात्रीवरून झिंज्या उपटायचो, म्हणून आईने काम वाटून दिलं होतं. मी थोरली, मी पाकळ्या कापायच्या. धाकटीने त्या तारेला बांधायच्या. मी कापून सरकवायची, ती बांधून उभं करायची. वर्षानुवर्षं असंच चाललं आणि दुसरीचं काम शिकून घ्यावं असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही. आई मात्र दोन्ही करायची, म्हणून कधी अडलं नाही.

आई गेल्यावर तिचा पत्र्याचा डबा आम्ही उघडला. कात्री मी घेतली, पक्कड आणि दोऱ्याचं रीळ धाकटीने. तिथेच गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, कात्री मला हवी होती, आणि माझ्या तोंडून गेलं, "तुला काय करायचीय? तू नुसती बांधायचीस. फूल तर कात्रीतच होतं." तिने पक्कड पिशवीत टाकली आणि निघून गेली. त्याला तीन वर्षं झाली. ती तीन बस थांब्यांच्या अंतरावर राहते, आणि तीन वर्षांत आम्ही एकमेकींना फोनसुद्धा केला नाही.

तर आता मी सुट्टी काढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. सुरकुत्यांचा गुलाबी कागद घेतला. सुरकुत्या उभ्या धरून कापलं, की पाकळी अंगठ्यांनी आडवी ताणता येते आणि तिला वाटीसारखा खोलगटपणा येतो. आडव्या धरून कापलं तर पाकळी ताणताच फाटते. एवढं मला झोपेतही जमतं. दुपारपर्यंत सातशे पाकळ्या तयार झाल्या, आणि एकीपेक्षा एक देखण्या.

मग बांधायला घेतलं. दोन पाकळ्या बसवल्या, तिसरी लावताना पहिली निसटली. दोरा आवळला तर कागद कापला, सैल सोडला तर फूल मान टाकायचं. गोंद लावून पाहिला, तेव्हा पाकळ्या माझ्या बोटांना तेवढ्या चिकटल्या. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, बारीक कामाला हात बसलेला, म्हणून त्यांना बसवलं. तासाभराने त्यांनी काहीतरी उभं केलं.

"कोबी झाला," ते म्हणाले. "पण ताजा आहे."

मला हसू आलं नाही. लग्नाला दहा दिवस होते. लेक संध्याकाळी आली, टेबलावरचा चुराडा पाहिला आणि म्हणाली, "राहू दे आई, प्लास्टिकची आणू." रागावली असती तर मी तिच्यावर ओरडून मोकळी झाले असते. पण ती समजूतदारपणे बोलली, आणि मला फार वाईट वाटलं. तिला माझ्या आईची फुलं हवी होती. ती अर्धी माझ्या हातात होती, उरलेली अर्धी तीन थांब्यांवर होती, आणि मध्ये माझी जीभ आडवी पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकटीला फोन लावला. तिने उचलला.

"शंभर फुलं करायचीत. लग्नासाठी," मी म्हणाले.

"कर की. फूल तर कात्रीतच होतं ना, ताई?"

तीन वर्षं हे वाक्य तिने जपून ठेवलं होतं. माझा पारा चढला, फोन ठेवावासा वाटला. मग टेबलाकडे नजर गेली.

"नाही होत," मी म्हणाले. "सातशे पाकळ्या पडल्यात इथे आणि फूल एकही नाही. मी चुकीचं बोलले होते. तेव्हाही चुकीचंच होतं."



"दोरा आहे का घरात?" तिने विचारलं. "की तोही मीच आणू?"

तासाभरात ती आली. माझ्याकडे न बघता टेबलाशी बसली आणि पक्कड काढली. दोरा दातात धरला, तार डाव्या हातात, प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीवर अर्धी चढवत गेली, आणि दोरा ओढताना तिने श्वास रोखून धरला, अगदी आईसारखा. मोजून चार मिनिटांत फूल उभं राहिलं. मी वळून गॅसवर चहा ठेवला, कारण डोळे भरून आले होते आणि तिला ते दाखवायचे नव्हते.

मग रोज तासाभरासाठी ती यायची. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता म्हणाली, "मीही करून बघितली गं, एकटीने. दुसरी कात्री आणली. पण पाकळ्या ताणल्या की फाटतात. का ते कळलंच नाही."

"एकटीने कशाला करत होतीस?"

"आईची आठवण यायची म्हणून. तुझी नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "थोडी तुझी."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी शंभरावं फूल झालं. लेकीने मावशीच्या गळ्यात हात टाकले. कोबी आमच्या ह्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतला. धाकटी पक्कड पुसून पिशवीत ठेवू लागली, तेव्हा मी म्हणाले, "मला बांधायला शिकव ना. परत अडायला नको."

ती थांबली. "नाही शिकवणार."

"का गं?"

"तुला आलं, तर मला फोन कशाला करशील?"

 पाकळ्या का फाटतात हे मला सांगता येत होतं, सुरकुत्या उभ्या धर, एवढंच सांगायचं होतं. मी उरलेल्या कागदाची गुंडाळी केली आणि कात्रीसकट डब्यात ठेवली.

"मग मीही नाही शिकवणार," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी ये."