गुलाबीचे सहा गुण

मित्रांनो, मी स्नूकरचा पांढरा चेंडू. आता जुना झालो आहे. अंग पिवळट पडलं आहे आणि एका बाजूचा बारीक टवका उडाला आहे.

कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. १९८६ साली हैदराबादहून एक वापरलेलं टेबल जालन्यात आलं, त्याच्याबरोबर मी आलो. बियाण्यांचे व्यापारी राधाकिसनशेठ यांनी ते आपल्या गोदामाच्या माडीवर मांडलं. एमआयडीसीतल्या मिलमधून सुटलेली माणसं तिथे येऊ लागली. त्यांत तीर्थपुरीचे बद्रीनाथ होते.

ही सगळी मंडळी कॅरमवर वाढलेली. तिथे लाल म्हणजे राणी, आणि राणी घेतली की कव्हर हवं. म्हणून बद्रीनाथांनी पहिल्याच दिवशी एक लाल चेंडू टेबलाच्या खिशात घातला आणि कव्हर म्हणून लगेच दुसरा लाल घातला. शेठ हसून म्हणाले की इथं राण्या पंधरा आहेत, अन् एकेकीची किंमत एकच.

मग त्यांनी खेळ समजावला. काठीने फक्त मला मारायचं, बाकीच्यांना मी जाऊन लागायचं. आधी एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल. खिशात गेलेला लाल परत येत नाही; रंगीत मात्र काढून आपल्या जागी ठेवतात. सगळे लाल संपले की रंगीतही क्रमाने जातात. पिवळ्याचे दोन गुण, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा, शेवटी काळ्याचे सात. मी खिशात पडलो, किंवा कुणाची बाही एखाद्या चेंडूला लागली, तर दंडाचे निदान चार गुण समोरच्याला, चेंडू त्याहून मोलाचा असेल तर त्याच्या किमतीइतके. माडीवर पंच नव्हता. ज्याची चूक त्यानेच सांगायची, अशी रीत पडली.

पुढची कितीतरी वर्षं माझी कौतुकाची होती. बद्रीनाथ खेळण्याआधी मला स्वतःच्या रुमालाने पुसत. मुलगी इंद्रायणी मोठी झाली, तशी तिलाही त्यांनी शिकवलं. पोरीला इथं कशाला आणता, असं कुणी टोकलं, तर आधी तिला हरवून दाखव, मंग बोल, असं ते म्हणत.

नंतर माणसं पांगली. टेबलावरचं कापड विरलं, मी डब्यात धूळ खात पडलो. २००३ साली बद्रीनाथ आजारी पडले आणि डॉक्टरांनी हात टेकले. त्यांनी लेकीजवळ एकच मागितलं: माडीवर एक डाव.

त्या दुपारी इंद्रायणी सोपे सोपे चेंडू चुकवत होती. मला मार बसला की हात खरा आहे की खोटा, ते मला कळतं. आबांनी जिंकावं, एवढंच तिला हवं होतं. गुलाबी आणि काळा उरले, तेव्हा बद्रीनाथ पंधरा गुणांनी पुढे होते. उरलेले दोन्ही मिळून तेराच. डाव त्यांचाच होता.

ते वाकले. अंग वाळल्यामुळे सदरा सैल झाला होता.

"थांब. बाही लागली गुलाबीला. सहा तुझे."

"मला न्हाई दिसली, आबा. राहू द्या."

"तुला न्हाई दिसली, मला कळली ना." ते खुर्चीवर बसले, दम घेतला. "अन् मघापासून तू मुद्दाम चुकवून राह्यलीस. मी अजून हाये, इंद्रा. माझ्यासंगं बराबर खेळ."

 तिने डोळे पुसले, काठी धरली आणि मला मारलं. गुलाबी गेला. मग काळा, लांबच्या खिशात, जराही न डगमगता.

ती चार गुणांनी जिंकली. "आत्ता कसं," बद्रीनाथ म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. तो तिने दोन्ही हातांत धरला.

महिन्याभरात ते गेले. टेबल विकलं गेलं. इंद्रायणीने मला तेवढं मागून घेतलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. जुन्या वस्तू पुसून ठेवा, आम्हाला धुळीत टाकू नका. आणि आपल्या माणसाशी खेळाल तेव्हा खरं खेळा. त्याच्याजवळ आता फार डाव उरले नाहीत हे ठाऊक असेल, तर जास्तच खरं.