वेल उघडण्याचा दिवस

"वहिनी, पंचांगातला वसंताच्या अखेरचा धान्यपावसाचा दिवस येईतो थांबा म्हणतो मी," भिंतीपलीकडून यिन म्हणाला.

"ज्या पावसाचा थेंब या तुन्हुआंगच्या वाळवंटात पडत नाही, त्याच्या नावानं थांबू? भाऊजी, तुम्ही तीस वर्षं पंप चालवलात, तुम्हाला विहिरीतलं कळतं. वेलीचं माझ्यावर सोडा!" लानने फावडं मातीत घातलंसुद्धा.

गल्लीत सात घरं आणि प्रत्येक अंगणात एक द्राक्षवेल. हिवाळ्याच्या तोंडी ती मांडवावरून उतरवायची, पोटभर पाणी पाजायचं, आडवी निजवून हातभर मातीखाली पुरायची. नाहीतर वाळवंटातली थंडी तिचा कोळसा करते. वसंतात पुन्हा उकरायची. घाई केली तर हिम मारतं. उशीर केला तर कोंबांचे डोळे मातीखालीच फुटतात, पांढरे, ठिसूळ, बोट लागताच गळणारे. मधला नेमका दिवस लान सांगे. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली ही बाई कालव्यावरचा जर्दाळू फुलला की मातीत कोपरापर्यंत हात घालून बघे आणि 'उद्या' म्हणे. बावीस वर्षांत तिचा शब्द चुकला नव्हता, आणि हे ती कुणाला विसरूही देत नसे.

एकटा यिन ऐकत नसे. दरवर्षी उशीर करी, निम्मे डोळे गमावी आणि वर 'राहिले ते माझे' म्हणे. गल्ली हसे, सगळ्यांत मोठ्याने लान.

यंदा जर्दाळू आठ दिवस आधीच फुलला. लानच्या शब्दावर सहा वेली मांडवावर चढल्या. ऊन असं लागलं की पंधरवड्याच्या आतच नखाएवढी पालवी आली. लान रोज संध्याकाळी गल्लीतून फेरी मारून कौतुक ऐकून येई.

मग एका पहाटे हिम पडलं. उन्हं वर येईतो पालवी चहाच्या चोथ्यासारखी काळी झाली. सहाही घरची.

लाजेने लानचा जीव अर्धा झाला. तरी ती निघाली आणि एकेका दारात उभी राहिली. फान मास्तर भला माणूस. म्हणाला, "हवेपुढे कुणाचं चालतं, काकू?"

"हवेचं नाही, माझं चुकलं. यंदा मातीत हात घातलाच नाही मी. फुलं बघितली आणि भुलले."

पाच घरांत तिने हे सांगितलं; सहावं तिचं स्वतःचं. सातव्या, यिनच्या घरी जायची पाळी धान्यपावसाच्या दिवशी आली. वेल उचलायला दोघं लागतात. यिनचा मणका गेलेला, म्हणून दरवर्षी लानच हात लावायची. यिन फावडं टेकून वाटच बघत होता.

"बोला भाऊजी. बावीस वर्षांचं साठलंय तुमचं."

"बोलणारच आहे. आधी उचलू. कंबर धरली तर हसताही यायचं नाही मला."

शेवटची माती दोघांनी हातांनी सारली. काही डोळे पांढरे फुटले होते, ते गळाले. बाकीचे टपोरे, घट्ट, जिवंत. लानला हेवा वाटलाच, पण गल्लीत एक तरी वेल वाचली याचा आनंदही खोटा नव्हता.

दोघांनी वेल उचलून मांडवावर घेतली, तोवर सगळी गल्ली दारात जमली होती. मास्तरने विचारलं, "यिनकाका, आमच्या वेलींचं आता काय करायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा यिनला कुणी वेलीबद्दल विचारत होतं. त्याने छाती फुगवली, तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर लानच्या मातीने माखलेल्या हातांकडे गेली. मग म्हणाला, "मला काय विचारता? मला नुसतं थांबता येतं. वहिनींना विचारा."

कुणी हसलं नाही. लानने हाताची माती झटकली.

"जळलेलं छाटा. पाणी तोडू नका. प्रत्येक डोळ्याच्या कुशीत एक बारका डोळा असतो, तो फुटेल. उन्हाळ्याला सावली मिळेल."

"आणि द्राक्षं?"

"द्राक्षं यंदा भाऊजींकडे मागायची," ती सगळ्यांदेखत, मान वर करून म्हणाली. "मीसुद्धा मागणार आहे."

वेलीची दोरी मांडवाला नीट बांधून झाली होती, तरी यिन खाली मान घालून गाठ आवळत राहिला.