पहिले पन्नास हजार

कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर जानरावांनी सुपेल्यातल्या अपेक्षा नावाच्या एजंटकडून नवरा-बायको दोघांचा आरोग्य विमा घेतला. पहिली दोन वर्षं डॉक्टरच्या फीपासून तपासण्यांपर्यंत सगळं कंपनी द्यायची. तिसऱ्या वर्षी हप्ता कमी व्हावा म्हणून त्यांनी डिडक्टिबल घेतलं. म्हणजे वर्षाच्या खर्चातले पहिले पन्नास हजार आपले, त्यावरचे कंपनीचे.

नूतनीकरणाच्या वेळी अपेक्षाचा फोन आला. "काका, वर्षभरात तुम्ही एक बिल नाही पाठवलं. एकदम फिट आहात! आता डिडक्टिबल लाखाचं करू का? हप्ता अजून उतरेल."

जानराव खूश झाले. फोन ठेवला आणि समोर वांगी चिरत बसलेल्या बायकोकडे त्यांचं लक्ष गेलं. गुडघ्यासाठी वसुंधराबाई आधी दर महिन्याला दवाखान्यात जायच्या. या वर्षी एकदाही गेल्या नव्हत्या.

"तुह्या गुडघ्याले आता कसं आहे?"

"आहे तसंच."

"मंग दवाखान्यात कावून नाई गेली?"

"पह्यले कंपनी देत होती, थोडं दुखलं का जात होती. आता वाटते, पाहू उद्या."

"म्हंजे दुखते का नाई?"

वसुंधराबाईंनी विळीवरचा हात थांबवला. "खरं सांगू? मले बी समजून नाई राहिलं. आन् तुमी शुगर कुठी तपासली?"

तपासणी आपण विसरलो, असंच जानराव आजवर समजत होते.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून दोघं कोहक्यातल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. घरचा व्यायाम पुरे, म्हणाले; पूर्वीच्या एवढ्या चकरांची गरजच नव्हती. मग वसुंधराबाईंचं बीपी घेतलं. ते बरंच वाढलेलं निघालं. "हे आधीच दाखवायला पाहिजे होतं," ते म्हणाले. जानरावांची शुगरही चढली होती.

येताना दोघं अपेक्षाच्या ऑफिसात थांबले.

"मग काका, लाख करायचं?"

"नाई."

"मग डिडक्टिबल काढून टाकू?"

"काढलं का तुही काकू पुन्हा गुडघ्यासाठी चकरा मारते. ठेवलं त बीपी लपून राहते. काय करू, तूच सांग."

अपेक्षाने डिडक्टिबलसह आणि त्याशिवाय अशा दोन्ही हप्त्यांचे आकडे कागदावर लिहून दिले. जानरावांनी ते तीनदा वाचले. वसुंधराबाई म्हणाल्या, "राहू द्या पन्नासच. पर गोळ्या आन् तपासण्या चुकवाच्या नाई."

जानरावांनी सही केली. ठीक केलं की नाही, हे मात्र स्कूटर सुरू करतानाही त्यांना कळत नव्हतं.