आजोबांचे दहा

"हात दाखवा."

दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाई मास्क बांधत होत्या, त्या थांबल्या. "माझे?"

"तुमचेच. दोन्ही. आणि एप्रनचा खिसाही उलटा करा जरा."

बाईंनी निमूट खिसा उलटा केला. एक पेन आणि केसांचं रबर निघालं. आजोबांनी पेनाचं टोपणसुद्धा उघडून पाहिलं. बत्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासलेला माणूस! वापरलेलं तिकीट घडी घालून दाखवणारे, तपासनीस चढला की झोपेचं सोंग घेणारे, असे किती नमुने त्यांनी बघितले होते. गोड बोलणारा दिसला की आजोबांचे कान आधी टवकारायचे. आणि या बाई फारच गोड बोलायच्या.

"बाबा, तिथे जाऊन भांडू नका हं," असं लेकीनं कामावर जाताना तीनदा बजावलं होतं. भांडत कोण होतं? ते फक्त तपासत होते.

कारणही तसंच होतं. नात छबू आठ वर्षांची, स्वमग्न. बोलणं मोजकं. अचानक कुणी हात लावला, मशीन घरघरलं की तिला सोसत नसे. सहा महिन्यांपूर्वी तिला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथल्या माणसानं हसत हसत सांगितलं, "नुसतं बघतो." मग चौघांनी तिला चादरीत गुंडाळून धरलं. "झालं, झालं, थोडंच राहिलंय," असं म्हणत पंधरा मिनिटं धरून ठेवलं. दात तसाच राहिला, आणि छबूनं त्यानंतर ब्रशसुद्धा तोंडाजवळ येऊ दिला नाही. आता दाढ इतकी किडली होती की पोरगी स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायची. महिनाभर ती पेजेवर होती. इथे जमलं नाही तर पुन्हा तेच इस्पितळ, पुन्हा तीच चादर. हे आजोबांना ठाऊक होतं.

या छोट्या दवाखान्याची रीत वेगळी होती. पहिल्या खेपेला छबू दारातच उभी राहिली आणि परत गेली. दुसऱ्या खेपेला खुर्चीत बसली. तिसऱ्या खेपेला तोंडात आरसा, तोही दहा आकडे मोजेपर्यंत. दहा म्हटलं की हात बाहेर, काम अर्धं राहिलं तरी चालेल.

"ही ऐकते कुणाचं?" असं बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"माझं. मी मोजलं की केस विंचरू देते, कानात थेंब घालू देते."

"मग इथेही तुम्हीच मोजा."

यातही काहीतरी काळंबेरं असणार, असं आजोबांना वाटलं. तीन खेपा नुसत्या जाऊ देतात म्हणजे चौथीला डाव साधणार. आणि आज चौथी खेप होती.

डॉक्टरीणबाई आल्या. आजोबांनी त्यांचेही हात पाहिले. त्यांनी हसून बाही वर केली. मग छबूला चमच्यासारखं बारीक हत्यार दाखवलं, तिच्या नखावर हळूच घासलं. "मशीन नाही. यानं कीड काढायची, मग मऊ सिमेंट भरून बोटानं दाबायचं. आजोबा, मोजा."

"एक," आजोबा म्हणाले. छबू प्रत्येक आकड्याला एकेक बोट उघडत होती. दहाला हात बाहेर. विश्रांती. पुन्हा एक. असे सहा दहा झाले, सात झाले. आजोबांची नजर डॉक्टरीणबाईंच्या हातावरून हलली नाही, पण लबाडी काही सापडेना. सापडेना म्हणून ते जास्तच अस्वस्थ झाले.

नवव्या दहाला सिमेंट भरलं. डॉक्टरीणबाईंनी बोट दाबलं. आजोबा वाकून बघत होते. सिमेंट अजून ओलं होतं. आता हात काढला तर सगळं मुसळ केरात, असं त्यांना वाटलं. छबू शांत होती. एवढ्या जवळ येऊन!

"सात... आठ... नऊ..." आजोबा थांबले. "नऊ..."

छबूची नऊ बोटं उघडी होती. दहावं तसंच मिटलेलं. तिनं डोळे वळवून आजोबांकडे पाहिलं.

"झालं बाळा, थोडंच राहिलंय."

तोंडातून शब्द गेला आणि आजोबांनी जीभ चावली. छबूनं कचकन दात मिटले. डॉक्टरीणबाई कळवळल्या, बोट ओढून घेतलं. छबू खुर्चीत मुटकुळं करून कान दाबून किंचाळायला लागली.

"अहो आजोबा, दहाला मी हात काढलाच असता!" डॉक्टरीणबाई बोट चोळत म्हणाल्या. "निघालं असतं तर परत भरलं असतं. त्यात काय!"

एवढ्या वर्षांत आजोबा असे रंगेहाथ कुणापुढे पकडले गेले नव्हते.

बराच वेळ कुणी छबूला हात लावला नाही. दिवा मंद केला. हळूहळू किंचाळणं थांबलं. मग छबूनं हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"चल, घरी जाऊ," आजोबा पुढे झाले.

छबूनं मान जोरात हलवली. बोट आधी आजोबांकडे, मग दाराकडे.

"तुम्ही बाहेर थांबावं, असं म्हणतेय ती," मदतनीस बाई हलकेच म्हणाल्या.

"दार उघडं ठेवा."

"बंद," छबू म्हणाली.

बाहेर बाकावर बसवेना म्हणून आजोबा दाराला कान लावून उभे राहिले. लोक बघत होते, बघू देत. आतून बाईंचा आवाज आला, "एक... दोन..." आजोबांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मधे कुठे ओढताहेत का, एखादा आकडा गिळताहेत का? दहा. थांबल्या. पुन्हा एक. दहा. आकडा ना मागे ना पुढे. अशा चार खेपा त्यांनी ऐकल्या आणि मग दारापासून दूर झाले. इतकं लाजिरवाणं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

दाढ भरली गेली. तीन दिवसांनी छबूनं बिस्कीट चावून खाल्लं, लेक हसत हसत रडली.

त्या रविवारी सकाळी आजोबा नेलकटर घेऊन छबूपुढे बसले. नखं वाढली होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"एक..."

छबूनं दुसरा तळहात त्यांच्या ओठांवर ठेवला. घट्ट नाही, नुसता ठेवला.

"एक," ती स्वतः म्हणाली. "दोन."

आजोबा तिच्या आकड्यांबरोबर नखं कापत गेले. घाई केली नाही, चुचकारलं नाही. करंगळीवर आले तेव्हा नेलकटर नखाच्या मध्यावर होतं.

"दहा," छबू म्हणाली.

आजोबांनी नेलकटर बाजूला घेतलं आणि तिचा हात सोडून दिला.