रिकाम्या जाळीचा भोपळा

मी एक जुना भोपळा आहे, मित्रांनो. हसलात ना? मला ठाऊक आहे, परीक्षेत काहीच जमले नाही की तुमच्या हाती भोपळाच येतो. पण आमच्या कोरियातल्या जेजू बेटावर समुद्रात बुडी मारणाऱ्या बायकांचा श्वास माझ्यावर टेकलेला असतो.

माझा वेल बू ओक-रान नावाच्या अशाच एका बाईच्या दगडी कुंपणावर चढला होता. थंडी सुरू झाली तेव्हा तिने मला उतरवले, देठाशी भोक पाडून बिया काढल्या, सावलीत वाळवले आणि भोक राळेने बुजवले. अंगाभोवती दोरी विणली आणि खाली मोठी जाळी टांगली. ती तळाशी जायची, मी वर तरंगत तिची वाट पाहायचो. ती वर आली की मला मिठी मारून असा लांब श्वास सोडायची की शीळच वाजायची. मग हातातले शंख जाळीत टाकून पुन्हा खाली.

जाळी भरली की मी पाण्यात खोल बसतो आणि रिकामी असली की उंच तरंगतो. म्हणजे कोणाला किती मिळाले, हे काठावरच्या कोणालाही नुसते माझ्याकडे पाहून कळते. मी, ओक-रानचा भोपळा, नेहमी नाकापर्यंत बुडालेला असायचो. काठावरच्या शेकोटीशी जिकडे धूर जात नाही, ती मानाची जागा तिची होती.

आमच्याकडे एक रीत आहे, तिला केसोक म्हणतात. जिची जाळी भरली, तिने रिकाम्या जाळीत मूठभर टाकायचे. ह्यन चोम-सुन नावाच्या बाईच्या वाट्याला हे दान वारंवार यायचे. तिचा दम तोकडा, तोंड मात्र मोठे. ओक-रान तिच्या जाळीत शंख टाकताना सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायची, "घे गं चोम-सुन, नाहीतर घरी जाऊन काय दगड उकडशील?"

"दगडसुद्धा माझ्या हातचे चांगले लागतात, ताई!" चोम-सुन म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. मीही मनात हसायचो.

मग एका हिवाळ्यात ओक-रानचा मुलगा होडीवर गेला आणि होडीच परतली नाही.

दुःख डोळ्यांत राहते असे तुम्हाला वाटत असेल. ओक-रानचे दुःख छातीत जाऊन बसले. ती बुडी मारायची आणि अर्ध्या वाटेतून वर यायची. पुढेपुढे तिला म्हाताऱ्या बायकांसाठी राखलेल्या उथळ पाण्यात उतरावे लागले. तिथेही जाळी भरेना. मी उंच तरंगू लागलो. मित्रांनो, तरंगण्यासाठीच माझा जन्म झाला, आणि त्याच तरंगण्याची मला लाज वाटू लागली. वाटे, अंगाला चीर पडावी, पाणी आत शिरावे आणि जरा तरी खाली जावे. ओक-रानही मला छातीखाली दाबून धरायची. पण भोपळा दाबून राहत नाही. जरा हात सैल झाला की मी पुन्हा वर!

एके दिवशी ती दम घेऊन वळली, तर जाळीत चार टपोरे शंख. तिने काढलेले नव्हते. शेजारी चोम-सुनचे डोके पाण्यातून वर आले होते आणि ती भलतीकडेच पाहत होती.

काठावर आल्यावर ओक-रानने सगळ्यांसमोर जाळी उलटी केली. शंख खडकावरून घरंगळत पाण्यात गेले.

"मी भिकारीण नाही!" ती ओरडली.

चोम-सुन ओल्या केसांनी तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कोण होते, ताई?"

शेकोटीशी कोणी हसले नाही. ओक-रानचे तोंड कानापर्यंत लाल झाले. तिने मला पाठीवर टाकले आणि कपडेही न बदलता घरी गेली.

त्यानंतर ती समुद्रावर येईना. मी भिंतीला टांगलेला होतो. तिची जाऊ निरोप घेऊन आली, "बायका विचारतायत." ओक-रान म्हणाली, "सांग, ताप आलाय." जाऊ म्हणाली, "ताप कसला! लाज आलीये तुम्हाला. लाजेला काढा नसतो, वहिनी." आणि निघून गेली. बाई काम सोडते की काय, याची मला भीती वाटू लागली. बायकांपासून तुटलेली बाई एकटी समुद्रात उतरत नाही. आणि घरात बसून राहिली तर ते दुःख तिला गिळणार, हे मला दिसत होते.

एका सकाळी तिने मला उचलले आणि किनाऱ्यावरच्या समुद्रदेवाच्या ठाण्यापाशी नेले. इथे बायका कागदात भात गुंडाळून लाटांना देतात. ओक-रानने मुलगा गेल्यापासून भात दिला नव्हता. आजही तिने भात आणला नव्हता. ती उभ्याउभ्याच बोलू लागली.

"देवा, मी तुला भात द्यायचे आणि वाटायचं, फिटलं. बायकांना शंख द्यायचे आणि वाटायचं, मी मोठी. माझा पोरगा तुझ्याकडे आहे. आता तुला द्यायला माझ्याकडे काही नाही. रागसुद्धा संपला. मला घेता येत नाही, देवा. तेवढं शिकव."

मग ती बराच वेळ रडली, आणि रडताना तिचा श्वास मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच खोल गेला. माझ्यावर तिची छाती टेकली होती, म्हणून मला कळले.

ओहोटी लागली तशी ती बायकांत आली. त्यांनी सरकून तिला वाट करून दिली. त्या दिवशीही मी उंचच तरंगलो. काम संपले तेव्हा ओक-रान पोहत चोम-सुनजवळ गेली आणि आपल्या जाळीचे तोंड दोन्ही हातांनी उघडून धरले.

"मला आज काही मिळालं नाही," ती म्हणाली. "घालशील?"

चोम-सुनने आपल्या जाळीत हात घालून एक शंख काढला, निरखला, परत ठेवला आणि दुसरा काढला. "हा बारका घे. मोठा मी खाणार."

"मेली कंजूष!" ओक-रान म्हणाली. दोघी माझ्यावर हात टेकून हसल्या, आणि हसता हसता चोम-सुनने तो मोठा शंखही आत टाकला.

मित्रांनो, ओक-रानचा मुलगा परत आला नाही, आणि तिचा जुना दमही आला नाही. पण ती पुढे कितीतरी वर्षे त्या उथळ पाण्यात बायकांबरोबर उतरत राहिली. आता मला भेगा पडल्या आहेत, राळ सुटली आहे. तरी तुम्हाला एवढेच सांगतो. कोणाचा भोपळा उंच तरंगताना दिसला तर बोट दाखवू नका, गुपचूप जवळ जा. आणि कधी तुमची जाळी रिकामी झाली, तर तिचे तोंड मुठीत आवळून धरू नका. लाज वाटेल. वाटू द्या. तरी जाळी उघडी धरा.